ढाणकीतला ऐकण्याचा वर्ग

पहाटे साडेपाच. मुलं यायच्या आत आजचा उतारा मी स्वतः ऐकून घेते. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा. वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो, म्हणून तो रात्रीच मोबाइलवर उतरवलेला असतो. बोलणारा कुठे शब्द गिळतो, तिथे कागदावर खूण करते.

साडेसहा. शाळेआधीचा हा विनाशुल्क वर्ग. अकरावी-बारावीची मुलं ढाणकीतून आणि भोवतालच्या तांड्यांवरून सायकलने येतात. उतारा वाचायला दिला तर बहुतेकांना समजतो; तोच ऐकवला की पहिल्याच वाक्याला चेहरे उतरतात. कारण मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत जोराचं अक्षर लांबतं आणि मधले शब्द आखडतात. फळ्यावर 'व्हॉट डू यू वाँट टू डू' असे सुटे सहा शब्द दिसतात, पण कानावर पडतं 'वॉड्या वाना डू'.

म्हणून पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकायचं आणि फक्त जोराचे शब्द धरायचे. दुसऱ्यांदा लिहायचं. तिसऱ्यांदा छापील उतारा समोर ठेवून ऐकायचं आणि मग त्याच वेगात, त्याच चढउतारात मोठ्याने म्हणायचं. मुलं इथे लाजतात, पण मी सोडत नाही. तोंडाला वळण लागलं की कान लवकर पकडतो, हा माझा अनुभव आहे.

'कॅन' आणि 'कान्ट'वर मी जास्त वेळ घालवते. अमेरिकन माणूस 'कॅन्ट' म्हणतो तेव्हा शेवटचा 'ट' बहुधा ऐकूच येत नाही. होकारातला 'कॅन' मात्र आखडून 'क्न' होतो. तेव्हा 'ट' शोधत बसू नये, जोर कुठे पडला ते ऐकावं. परिचारिका व्हायला निघालेल्या मुलींना हे नीट कळलंच पाहिजे. त्यांच्या ऐकण्यावर रुग्णाचं औषध ठरणार आहे.

तांड्यावरच्या मुलांचं एक बळ मला रोज दिसतं. घरी गोरमाटी ही बंजारा बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. अर्धवट कळलं तरी न थांबता पुढचं ऐकायची त्यांना सवय असते. सुटलेल्या शब्दापाशी जो अडतो, त्याचं पुढचं वाक्यही जातं.

अकरा ते पाच शाळा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही धड्याखेरीज सलग इंग्रजी बोलणं मुलांच्या कानावर फारसं पडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सहा वाजता आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी येते. त्यातला ऐकण्याचा भाग असा: साधारण ३० मिनिटं, ४० प्रश्न, आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच. उच्चार ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, कुठलेही. त्यासाठी मी तिला न्यूझीलंडचा क्रिकेटपटू केन विल्यमसन याच्या सामन्यानंतरच्या मुलाखती ऐकवते. न्यूझीलंडच्या माणसांच्या तोंडी 'पेन' आपल्याला 'पिन'सारखं आणि 'सिक्स' 'सक्स'सारखं ऐकू येतं. स्वर कसे सरकतात हे एकदा ध्यानात आलं की ते बोलणं उलगडत जातं.

रात्री नऊ. उद्याचा उतारा निवडते.

खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: तासातली दहा मिनिटं ऐकण्यासाठी राखून ठेवा. एक मोबाइल आणि लहानसा स्पीकर पुरतो.