पाणी ओसरल्यानंतरचा मुलगा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. घरांचे पंचनामे झाले, पिकांचे झाले. तेव्हा लहान असलेली मुले आता मोठी होत आहेत. त्यांतल्या एखाद्याला पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की धडधडते, रात्रभर डोळा लागत नाही. आणि एक दिवस बाहीखाली झाकलेले व्रण आईच्या नजरेस पडतात.

आघात पुराचाच असतो असे नाही. मारहाण, अपघात, लैंगिक अत्याचार यांनीही मेंदूत सारखाच बदल घडू शकतो. धोका ओळखणारा अमिग्डाला हा भाग जराशा गोष्टीनेही पेटतो आणि ‘ते तेव्हाचे, आता नाही’ असे समजावणारी यंत्रणा मागे पडते. भावना सोसवेनाशी झाली की काही मुले स्वतःला इजा करून घेतात. त्याने क्षणभर सुटल्यासारखे वाटते, म्हणून ते पुन्हा घडते. मागून येते ती लाज. हे नाटक नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. अशा वेळी देवऋषीकडे धाव घेण्यात उपचाराचे मोलाचे दिवस जातात.

या त्रासावर उपाय आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी त्यांपैकी एक. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करून घेत होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. २०१४ मध्ये नॉर्वेत ७७ किशोरवयीनांवर झालेल्या अभ्यासात या उपचाराने, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, स्वतःला इजा करण्याचे प्रसंग अधिक कमी झाले. किशोरांसाठीच्या या पद्धतीत मुलाबरोबर आईवडीलही कौशल्ये शिकतात.

त्यातले एक कौशल्य असे: भावनेचा कडेलोट होऊ लागला की चेहरा गार पाण्यात काही सेकंद बुडवायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्याखाली जाताना शरीर आपोआप देते तोच हा प्रतिसाद. पण ज्याने पुराचे पाणी गळ्यापर्यंत पाहिले आहे, त्याला तेच नकोसे होईल. मग दीर्घ उच्छ्वास, वेगाने जिना चढणे असे दुसरे काही निवडायचे. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. कोणाला काय चालेल हे ठरवण्यासाठीच समुपदेशक लागतो.

आघातावरच्या उपचारात ती आठवण सुरक्षित जागी, थोडी थोडी बोलून दाखवावी लागते. त्यामुळे सत्रानंतर मुलगा चिडचिडा होईल, गप्प बसेल. ‘उपचाराने उलट बिघडले’ म्हणून थांबवू नका. उपचार करणाऱ्यांशी बोला. सत्रात काय झाले याची उलटतपासणी नको. जेवायला वाढा, हाकेच्या अंतरावर राहा. ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. धारदार वस्तू आणि औषधे कुलपात ठेवा, पण त्यालाही कारण सांगून. जखम दिसली तर आरडाओरडा न करता ती धुऊन मलमपट्टी करा; खोल असेल तर दवाखाना गाठा.

‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ हा प्रश्न थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनांतून दिसले आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठता येते. १४४१६ हा टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका.

महिनोन्‌महिने बरे गेल्यावर पुन्हा एखादी जखम दिसेल. तेवढ्याने केलेली मेहनत वाया जात नाही. दोन प्रसंगांमधले अंतर वाढले का, या वेळी त्याने स्वतःहून सांगितले का, हे पाहा. लपवणारा मुलगा सांगू लागला असेल तर उपचार लागू पडत आहे, आणि तो नेटाने चालू ठेवायचा आहे.