मॅच लागला, पण नातं कोणतं?

अमेरिकेत गेलेली भाची हौसेने डीएनए चाचणी कंपनीला थुंकीची नळी पाठवते आणि निकालात एक अनोळखी नाव येतं: सामायिक डीएनए 90 सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं एकक), अंदाज खापरपणजोबा एकच. लगेच वंशावळ मांडायला बसू नका.

सख्ख्या चुलत-मावस भावंडांत हा आकडा सरासरी 850च्या आसपास, त्यांच्या मुलांमध्ये आपापसांत 230च्या घरात. पण हे ठोकताळे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेले. आपल्याकडे सोयरिक पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, त्यात मामेबहिणीशी लग्न. एकाच माणसाशी तीन वाटांनी नातं लागतं आणि बेरीज फुगते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या 2017च्या अभ्यासात 263पैकी 81 दक्षिण आशियाई समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनिश लोकांपेक्षाही ठळक दिसला.

म्हणून बेरजेआधी सर्वांत लांब तुकडा पाहा. सलग 50चा एक तुकडा अलीकडचं नातं सुचवतो. सात-आठचे डझनभर तुकडे बहुधा जुन्या सोयरिकीचा गाळ. मग त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीतली नावं ताडून बघा. कंपनीच्या अंदाजापेक्षा ती वही मला जास्त भरवशाची वाटते.

आणि चाचणी करायचीच, तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची, त्यांना विचारून, आधी करा.