दाभोळ नेमकं कोणत्या प्रदेशात?

'सांस्कृतिक प्रदेश' हा शब्द संशोधन प्रस्तावात लिहायला सोपा, पण नकाशावर आखायला अवघड. दाभोळचंच बघा. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं हे गाव दापोली तालुक्यात येतं आणि समोरचं धोपावे गुहागर तालुक्यात. म्हणजे नदी ही प्रशासकीय सीमा झाली.

आता निकष बदला. बोली, आहार, सण अशी समान लक्षणं घेतली की मिळतो औपचारिक प्रदेश. शिमग्याच्या पालख्या दोन्ही तालुक्यांत नाचतात, त्यामुळे ही सीमा पुसली जाते.

येण्याजाण्याचे संबंध मोजले की कार्यात्मक प्रदेश मिळतो. फेरीबोट दोन्ही काठ जोडते आणि गणपतीला येणारे चाकरमानी थेट मुंबईपर्यंत धागा नेतात.

तिसरा प्रदेश लोकांच्या मनातला. १९८१ मध्ये झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची हद्द कागदावर सापडते; 'तळकोकण' कुठे सुरू होतं, हे मात्र माणसांनाच विचारावं लागतं.

तीन निकष, तीन नकाशे, आणि एकही खोटा नाही. म्हणून आधी संशोधनप्रश्न ठरवा, मग निकष, आणि सीमारेषा सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात, तर 'हीच सीमा का?' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.