संगणकाची ‘गैरकानूनी’ पाटी आणि दुकानाचा हिशेब

१९९५ साली विंडोज ९५ आली. ज्या व्यापारी बंधूंनी त्या काळात दुकानात संगणक बसवला, त्यांना पडद्यावर एक पाटी हमखास दिसे : ‘धिस प्रोग्राम हॅज परफॉर्म्ड ॲन इललीगल ऑपरेशन अँड विल बी शट डाउन.’ आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले. इललीगल म्हणजे गैरकानूनी, आणि गैरकानूनी म्हणजे पोलीस-कोर्ट, एवढाच मतलब आम्हाला ठाऊक. चांगले इंग्रजी जाणणारेही ती पाटी पाहून दचकत.

वास्तविक कायद्याचा येथे काडीचाही संबंध नव्हता. प्रोग्रामने मेमरीतील मनाई असलेल्या जागेला हात लावला किंवा प्रोसेसरला न समजणारा हुकूम दिला, की संगणकवाले त्यास ‘इललीगल’ म्हणत. दोष प्रोग्रामचा आणि घाबरायचा बटण दाबणारा! २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये त्याऐवजी ‘अडचण आली, प्रोग्राम बंद करावा लागत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशा अर्थाचा मजकूर आला. अदब आली खरी, पण काम कुठवर झाले हे त्यातूनही कळत नसे.

व्यापाऱ्याला तेच तर हवे असते. समजा, बिल नोंदले गेले आणि छपाईच्या वेळी प्रिंटर अडला. पडद्यावर नुसते ‘ट्रान्झॅक्शन फेल्ड’ आले, तर मुनीम बिल नव्याने करणार. सहा तागे विकले, स्टॉकमधून मात्र बारा वजा! वर जीएसटीचा हिशेब चुकतो आणि बोलणी मुनीमजी खातात. त्याऐवजी असे लिहावे : ‘बिल नंबर ४१२ नोंदले आहे. छपाई झालेली नाही. प्रिंटर तपासून फक्त छपाई पुन्हा द्या, नवे बिल करू नका.’ इंजिनिअरसाठी दोषाचा क्रमांक खाली बारीक अक्षरात द्यावा.

लॉग म्हणजे संगणकाची रोजकीर्द. तीत शेवटची ओळ ‘बॅकअप सुरू’ असेल आणि पुढे प्रोग्राम बंद पडला, तर सारे बॅकअपलाच दोष देतात. बॅकअप कदाचित नीट संपलाही असेल. म्हणून ‘सुरू’बरोबर ‘पूर्ण’ची ओळ, वेळ आणि बिल नंबर पाहिजेच.

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या बंधूंनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बिल करताना प्रिंटरची वायर काढून पाहावी, आणि येणारी पाटी मुनीमजींकडूनच वाचून घ्यावी.