ट्रकला जादा टाकी बसविण्यापूर्वी

कांदा स्वतःच्या ट्रकने दूरच्या बाजारात नेणारी घरे आता बऱ्याच गावांत आहेत. लासलगावहून दिल्ली बाराशे किलोमीटरहून अधिक, तर गुवाहाटी दोन हजारांच्याही पुढे. डिझेल जीएसटीत नाही. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. तेव्हा स्वस्त मिळेल तेथे जास्त भरून घ्यावे, असे ट्रकमालकाला वाटणे साहजिक आहे. मग दोनशे लिटरचे एखादे जुने पिंप वेल्डिंगवाल्याकडे नेले जाते. हे मात्र कदापि करू नका.

डिझेलचे रिकामे पिंप हे भरलेल्या पिंपापेक्षा घातक असते. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी आणि सांध्यांत थोडे डिझेल राहतेच. वेल्डिंगच्या आचेने त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते आणि ठिणगी पडताच पिंप फुटते. पाण्याने विसळले म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, असेही लोक सांगतात. पण आपल्या मानकाप्रमाणे त्याची वाफ पेट घेण्याचे किमान तापमान 35 अंश धरलेले आहे. वैशाखातल्या उन्हात पत्रा याहून कितीतरी जास्त तापतो.

आता जरा हिशोब करू. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर जाते असे धरा, म्हणजे दिल्लीला तीनशेहून थोडे अधिक लिटर लागतील. मोठ्या ट्रकच्या मूळ टाकीतच यातले बहुतेक मावते आणि हमरस्त्यावर पंपांची वाण नाही. दोन राज्यांच्या भावात तीन रुपयांचा फरक असला, तर दोनशे लिटरमागे सहाशे रुपये सुटतील. पण त्या दोनशे लिटरचे वजन सुमारे 165 किलो, म्हणजे तीन गोणी कांद्याहून जास्त. तेवढा माल कमी भरावा लागेल, नाहीतर वजनकाट्यावर दंड आहेच.

तरीही गरज असेलच, तर गाडीच्या कंपनीच्या अधिकृत दुकानातून त्याच गाडीसाठी बनवलेली टाकी घ्या. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 52 प्रमाणे, नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. आधी परिवहन कार्यालयात विचारा, कागद करून घ्या. अपघात झाल्यावर विमा कंपनी हेच पाहते.

टाकी चासीला पट्ट्यांनी घट्ट आवळलेली, सायलेन्सर आणि बॅटरीपासून दूर हवी. आत आडवे पत्रे नसतील तर वळणावर डिझेल हिंदकळून गाडी ओढली जाते. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी नको. जस्ताचा डिझेलवर परिणाम होऊन फिल्टर चोंदतो. आणखी एक गोष्ट मिस्त्री हमखास विसरतात. इंजिनातून उरलेले डिझेल परत येते. ज्या टाकीतून ते घेतले, त्याच टाकीत परतीची नळी गेली पाहिजे. नाहीतर भरलेली टाकी वरून सांडू लागते.

टाकी काठोकाठ भरू नका. वीस अंशांनी तापले की दोनशे लिटर डिझेल तीन लिटरांहून जास्त फुगते. उलट, हंगाम संपल्यावर गाडी उभी राहणार असेल तर ती अर्धवट ठेवू नका. रात्रीच्या गारव्याने आत दव धरते, पाणी तळाशी साचते. पुन्हा फेरीला निघण्यापूर्वी तळाचा स्क्रू सैल करून ते पाणी एखाद्या डब्यात काढून घ्या, आणि त्या वेळी जवळ कोणालाही विडी पेटवू देऊ नका.