चार आण्यांची जमीन आणि एक खोका

खोपोलीकडे जाणारी लोकल कर्जत सोडल्यानंतर पहिल्यांदा थांबते ती पळसदरीला. घाटाच्या पायथ्याचे हे छोटे स्थानक पावसाळी सहलींना येणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. गेल्या दोन-तीन दशकांत कर्जत-खालापूर पट्ट्यात जमीन किंवा 'सेकंड होम' शोधणाऱ्यांचीही इथली वर्दळ वाढली. अशा खरेदीदाराच्या कानावर पैशाच्या दोन बोली पडतात. दलाल 'पेटी' आणि 'खोका' म्हणतो. जुने वाटणीपत्र मात्र 'आणे' आणि 'पै' म्हणते. पहिली बोली मुंबईकराला कळते. दुसरी कळली नाही, तर नुकसान होते ते जमिनीचे.

जुना रुपया सोळा आण्यांचा होता. आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पै तीन. म्हणजे रुपयाचे पैसे ६४ आणि पै १९२. या नाण्यांना मराठीने घरगुती नावे दिली. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. जाडजूड तांब्याचा तो ढब्बू पैसा आणि मोड न झालेला तो बंदा रुपया. नाणी गेली, तरी नावे माणसांना चिकटून राहिली. खात्रीचा माणूस आजही 'बंदा रुपया' ठरतो आणि ज्याच्या डोक्याविषयी शंका आहे तो मुंबईच्या बोलीत 'पावली कम'. रुपयाला चार आणे कमी, एवढाच त्याचा हिशेब. पूर्ण सत्य ते सोळा आणे सत्य. मोड झालेल्या सुट्या नाण्यांचा तो खुर्दा. म्हणून एखाद्या वस्तूचे तुकडे झाले की तिचाही खुर्दा उडतो.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. १ जून १९६४ पासून त्यातला 'नया' हा शब्दही गळला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे साडेबारा. या रकमांचे नाणे नव्या व्यवस्थेत बसणे शक्य नव्हते. चार आणे मात्र बरोबर २५ पैसे, आठ आणे ५० आणि बारा आणे ७५. म्हणूनच चवली बोलण्यातून विरत गेली आणि 'चार आणे', 'आठ आणे' पुढेही दोन पिढ्या टिकले. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाले. तोवर सामान्य माणूस त्याला चार आणेच म्हणत होता.

अमेरिकेतही असेच घडले. तिथे पाव डॉलरला जुन्या बोलीत 'टू बिट्स' म्हणत. त्या देशात एके काळी स्पॅनिश डॉलर चालत असे आणि त्याचे आठ भाग, म्हणजे आठ 'बिट', मानले जात. दोन बिट म्हणजे पाव. अमेरिकेचा स्वतःचा डॉलर पहिल्यापासून शंभर सेंटचा, एका बिटएवढे नाणे त्यात नाहीच. तरीही शब्द टिकला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले भाव तर १९९७ पर्यंत डॉलरच्या अष्टमांशात सांगितले जात. दहा डॉलरच्या नोटेला 'सॉबक' हे नाव पडले ते रोमन दहाच्या फुलीमुळे. लाकूड कापण्याची घोडी तशीच दिसते.

पेटी आणि खोका यांचा स्वभाव वेगळा आहे. पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी. इथे रुपयाचा भाग मोजलेला नाही, नोटा कशात मावतील हे सांगितले आहे. रक्कम उघडपणे उच्चारायची नसलेल्यांची ही बोली, २०२२ मध्ये विरोधकांच्या घोषणेतून थेट विधानभवनाच्या पायऱ्यांवर ऐकू आली.

आणे मात्र सरकारी कागदावर फार आधीच पोहोचले होते, तेही पैसा म्हणून नव्हे. पिकाचा अंदाज पूर्वी आण्यांत मांडत, त्याला आणेवारी म्हणत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पुढे तिचे अधिकृत नाव पैसेवारी झाले आणि ५० पैशांच्या आतले गाव टंचाईसदृश मानण्याची रीत पडली. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्य, मातीतील ओलावा, वनस्पतींची स्थिती हे निकष पुढे आणले, तरी शेतकरी अजून आणेवारीच विचारतो.

जमिनीतला हिस्साही याच पद्धतीने लिहिला जाई. संपूर्ण जमीन म्हणजे एक रुपया. तीन भाऊ असतील, तर प्रत्येकाला ५ आणे ४ पै. शंभराचे तीन समान भाग होत नाहीत, १९२ चे होतात. कुटुंबांच्या वाटणीला ही पद्धत सोयीची ठरली ती यामुळे. पुढच्या पिढीत एका भावाच्या चार वारसांना प्रत्येकी १ आणा ४ पै, म्हणजे मूळ जमिनीचा बारावा भाग.

घोटाळा होतो तो इथे. दहा एकरांची, म्हणजे ४०० गुंठ्यांची जमीन धरली, तर एका आण्याला २५ गुंठे येतात. १ आणा ४ पै म्हणजे ३३ गुंठे आणि वर एक तृतीयांश. दशांशाची सवय असलेला माणूस तेच '१.४ आणे' असे वाचतो आणि ३५ गुंठे धरतो. फरक पावणेदोन गुंठ्यांच्या जवळपास, नेमका १,८१५ चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत दोन-तीन बिऱ्हाडे राहतात.

दुसरा गोंधळ याहून मोठा. जुन्या सातबाऱ्यावर शेतसाऱ्याचा आकारही रुपये, आणे, पै यांतच लिहिलेला असे. आकाराचे 'चार आणे' म्हणजे सरकारला द्यायचा सारा, हिश्श्याचे 'चार आणे' म्हणजे चौथाई जमीन. कोणते चार आणे हे रकाना पाहूनच ठरते. जुन्या नोंदी तपासताना सर्व हिस्सेदारांचे आणे-पै बारा पैंचा आणा धरून एकत्र करावेत. बेरीज १९२ पै आली पाहिजे. कमी आली, तर एखादा वारस नोंदीतून सुटला असण्याची शक्यता आहे. बहुधा लग्न होऊन सासरी गेलेली बहीण.