तीन महिन्यांत किती? चरबी आणि स्नायूंचा खरा हिशेब

मंचरजवळ अवसरी फाट्याला पराग मिल्क फूड्सचा कारखाना आहे. १९९२ साली सुरू झालेली ही कंपनी आज चीज बनवते. चीज करताना दूध फाटून घट्ट भाग वेगळा झाला की हिरवट-पिवळी निवळी उरते. तिच्यातली प्रथिनं गाळून, वाळवून व्हे प्रोटीनची पावडर तयार होते आणि ‘अवतार’ या नावाने डब्यातून विकली जाते. जिमला जाणारा मुलगा प्रोटीनला परदेशी जादू समजतो, पण ते आपल्याच गोठ्यांतल्या दुधासारख्या दुधाची निवळी आहे.

डबा घेताना मनात एक आकडा असतो: तीन महिन्यांत दहा किलो कमी, शिवाय दंड फुगलेले आणि पोटावर सिक्स पॅक. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जिम सुटते. घरचे आळशी म्हणतात, मुलगाही तसंच मानतो. माझ्या मते तो आळशी नसतो. त्याने धरलेला आकडाच शरीराला झेपणारा नसतो.

‘मी बारीक आहे, मला कसली चरबी?’

या समजाला सगळ्यात मोठं उत्तर पुण्यातूनच मिळालं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं शेजारी-शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र छापून आलं. एक होते पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर होती, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. कमी पडलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होता; चरबी त्या मानाने राखलेली होती. आपल्याकडचा सडपातळ माणूस पुष्कळदा आतून चरबीचाच असतो आणि त्याला मधुमेह लवकर गाठतो, तो यामुळे. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली की उपाय सुरू करायचा, असं डॉक्टर सांगतात. आपल्या मातीतल्या माणसाला चरबी घटवण्याइतकीच स्नायू कमावण्याची गरज आहे, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

‘काटा उतरला की चरबी उतरली’

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पैलवान अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं. गट ५७ किलोचा. एका रात्रीत उतरलेलं ते वजन जवळजवळ सगळं घामाचं, पाण्याचं होतं.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ३५० कॅलरी कमी खाल्ल्या, म्हणजे एक वडापाव आणि एक गोड चहा सोडला, तर बारा आठवड्यांत सुमारे २९,४०० कॅलरींची तूट होते. तेवढ्यात पावणेचार किलोच्या आसपास चरबी जाते. त्याच काळात नवख्या माणसाने नीट व्यायाम केला तर एखादा किलो स्नायू वाढू शकतो. म्हणजे काटा फक्त पावणेतीन किलो उतरलेला दाखवेल. दहा किलोची आस धरलेला माणूस इथे निराश होतो. पण पावणेचार किलो चरबी घालवून वर किलोभर स्नायू कमावणं हे उत्तम यश आहे. यापेक्षा मोठं आश्वासन देणाऱ्या ट्रेनरवर विश्वास ठेवू नका.

जिममधलं चरबी मोजणारं यंत्रही शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतं. पाणी कमी-जास्त प्यायलात तरी त्याचा आकडा हलतो.

‘आधी वजन उतरवू, मग बॉडी बनवू’

दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली ४० तरुणांवर चार आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचं खाणं गरजेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी केलं होतं आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला होता. वजनाच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. निम्मी प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलो गेली, स्नायूंत मात्र जवळजवळ काहीच भर पडली नाही. एवढी उपासमार आणि एवढी मेहनत घरी करण्यासारखी नाही. पण व्यायाम आणि प्रथिनं नसताना नुसतं उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

हा दुहेरी लाभ सगळ्यात जास्त मिळतो तो नवख्यांना, अंगावर बरीच चरबी असणाऱ्यांना आणि तालीम सोडून वर्षं झाल्यावर परतलेल्यांना. पाच वर्षं नियमित व्यायाम करणाऱ्या सडसडीत माणसाला तो फार हळूहळू मिळतो.

चरबीचा स्नायू मात्र कधीच होत नाही. ते दोन वेगळे पदार्थ आहेत. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची चरबी एकदा मोजली, तेव्हा खेळणारा हात दांडगा निघाला, पण कातडीखालची चरबी दोन्हीकडे सारखीच होती.

‘शेतात राबतो, मला व्यायाम कशाला?’

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी करणाऱ्या माणसाला अंगमेहनत शिकवायची गरज नाही. पण स्नायू वाढतो तो भार टप्प्याटप्प्याने वाढवला तर. तीच कामं वर्षानुवर्षं केली की शरीर त्यांना सरावतं. शिवाय आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि पुष्कळ गोठ्यांत धारही यंत्राने निघते. आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका, वजन उचलणं, दर पंधरवड्याला थोडा भार किंवा चार आवर्तनं जास्त, एवढं पुरे.

वजन उचलल्याने बाया पुरुषी दिसू लागतात हेही खोटं. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या कितीतरी पट कमी असतं. वयाचीही सबब नको. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या आजी-आजोबांनी आठ आठवडे पायांचा भार-व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

झोपेचा हिशेब आपल्याकडे कोणी धरत नाही. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात सारखंच कमी खाणाऱ्यांना एका वेळी दोन आठवडे साडेआठ तास आणि दुसऱ्या वेळी दोन आठवडे साडेपाच तास झोपायला दिलं. वजन दोन्ही वेळा सारखंच, सुमारे तीन किलो घटलं. पण पुऱ्या झोपेत त्यातले १.४ किलो चरबीचे होते, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला उठणाऱ्या शेतकऱ्याने म्हणूनच उद्दिष्ट थोडं खाली धरावं आणि दुपारची डुलकी घ्यावी.

‘पावडरीशिवाय बॉडी नाही’

२०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. व्यायामाने चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलो वाढलं. जादा प्रथिनांनी त्यात भर घातली जेमतेम ०.३ किलोची. दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमपुढे प्रथिनांचा फायदा दिसेनासा होतो, असंही त्यात आढळलं.

सत्तर किलोच्या माणसाला त्या हिशेबाने ११० ग्रॅमच्या आसपास लागतात. तीन बाजरीच्या भाकरी, आमटी, उसळ, भात यांतून ४५ ते ५० मिळतात. अर्धा लिटर दुधाचे १६, तीन अंड्यांचे १८, पन्नास ग्रॅम सोयावड्यांचे २६ धरले की बेरीज पुरी होते. हुलगा आपल्या शेंगोळ्यांत आहेच. शंभर ग्रॅम हुलग्यात २२ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यात २५ असतात, पण सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, म्हणून ते मूठभरच. सगळं दूध डेअरीला घालून घरात नुसता चहा उरत असेल, तर आधी अर्धा लिटर घरात ठेवा. पावडर वाईट नाही. जेवणातून भागत नसेल तर ती सोय आहे, एवढंच. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

इंजेक्शनांना मात्र हात लावू नका. रक्तदाब वाढवणारं मेफेनटर्मिन जिममधल्या पोरांना चोरून विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी पकडलं आहे. ते औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत, हृदयावर मात्र भलताच ताण येतो.

उद्या सकाळी चहाआधी बेंबीशी टेप लावा. कंबरेचा आकडा, एका दमात निघणारे जोर आणि बैठका वहीत लिहा. पुढची नोंद चार आठवड्यांनी करा.